हेडलाइटच्या आत वाफ धरते, पाणी साचतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की ओळखीतल्या गाडीवाल्यांचे फोटो यायला सुरुवात होते. फोटो एकच, हेडलाइटची काच आतून धुरकटलेली, आणि खाली प्रश्न पण एकच, "हे काय झालं रे?" दरवर्षी तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून सगळं एकदाच इथे लिहून टाकतोय. मी मेकॅनिक नाही. पण गेली बारा-तेरा वर्षं पुण्यात गाडी उघड्यावर उभी असते आणि पावसाळ्यात ताम्हिणी उतरून कोकणात फेऱ्या चालू असतात, त्यामुळे या एका विषयात माझे पैसे आणि रविवार दोन्ही भरपूर गेलेत. (काच म्हणतोय पण ती काच नसते हं, पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असतं. सगळे काचच म्हणतात म्हणून मी पण तेच म्हणतो.)

गाडी नवी कोरी आहे, तीन महिने पण झाले नाहीत आणि सकाळी हेडलाइटमध्ये वाफ दिसली. फसलो का?

बहुतेक नाही. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, हेडलाइट हा बरणीसारखा घट्ट झाकण लावलेला डबा नाहीये. त्याला मागच्या बाजूला श्वास घ्यायला जागा मुद्दाम ठेवलेली असते, कुठे रबराची वाकडी नळी, कुठे छोटं टोपण, कुठे पातळ पांढरट पडदा चिकटवलेला, ज्यातून हवा आणि बाष्प जातं पण पाण्याचा थेंब जात नाही. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि बाहेर जाते, दिवा बंद केला की हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. आता ती बाहेरची हवा जुलै महिन्यातली असेल तर ती काही कोरडी नसणार ना. रात्री काच गार पडली की त्याच हवेतलं बाष्प आतून दवासारखं चिकटतं. थंडीत सकाळी विंडशील्डवर येतं तेच हे, फक्त पुसता येत नाही म्हणून जास्त डोळ्यात खुपतं.

बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं, पण मॅन्युअल वाचतो कोण.

मग कंपनी सरळ सीलबंद दिवाच का देत नाही?

देत होते की. जुन्या जीपला वगैरे जे गोल सीलबीम यायचे ते म्हणजे काच, आरसा (उजेड पुढे फेकणारा रिफ्लेक्टर) आणि फिलामेंट सगळं एकात एक वितळवून बंद केलेलं. त्यात वाफ धरायचा प्रश्नच नव्हता, पण फिलामेंट गेलं की अख्खा दिवा फेकायचा. आताचे दिवे मोठे, वाकडेतिकडे, आत इंडिकेटर, डीआरएल (दिवसा लागणारे दिवे), प्रोजेक्टर सगळं कोंबलेलं आणि बॉडी प्लास्टिकची. समजा आतली हवा 60 अंशांपर्यंत तापली आणि मग पावसात 25 वर आली, तर हवेचं आकारमान साधारण दहा टक्क्यांनी कमी होतं. दहा लिटरचा दिवा धरला तर जवळजवळ एक लिटर हवा आत यायला बघते. तिला रीतसर वाट नाही दिली तर ती सांध्यातून, रबराच्या कडेतून, जिथून मिळेल तिथून घुसते, आणि त्या जागी पाणी असेल तर पाण्यासकट घुसते. म्हणून श्वासाची वाट ठेवतात. हे नीट कळलं की खालची अर्धी उत्तरं तुम्ही स्वतःच देऊ शकाल.

नुसती वाफ आहे की खरंच पाणी शिरलंय, कसं ओळखायचं?

मी एक सोपा हिशोब वापरतो. 30 अंशांच्या पूर्ण दमट हवेत एका घनमीटरला साधारण 30 ग्रॅम पाणी बाष्परूपात असतं, 20 अंशांना 17 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दहा लिटरचा दिवा 30 वरून 20 वर आला तर आतल्या हवेतून सुटणारं पाणी किती, तर 0.13 ग्रॅम. दोन-तीन थेंब! ते काचेवर पसरले की भयंकर दिसतं पण आहे ते एवढंच. त्यामुळे आत चमचाभर पाणी हलताना दिसत असेल तर ते हवेतून आलेलं नाही, कुठूनतरी गळतंय, त्यात वाद नाही.

डोळ्यांनी बघायचं तर असं, बारीक धुक्यासारखा थर, बहुतेक खालच्या कोपऱ्यात किंवा दिव्यापासून लांबच्या टोकाला, गाडी चालवली की पातळ होत जाणारा, ही वाफ. मोठे टपोरे थेंब, ओघळ, तळाशी साचलेलं पाणी, आरशावर पांढरे डाग, वळणावर आत पाणी डुचमळणं, किंवा कडक ऊन पडून दोन दिवस झाले तरी न जाणारं धुकं, ही गळती.

काहीच न करता खात्री करायची आहे. एखादी टेस्ट?

लो बीम लावून वीस-तीस मिनिटं गाडी चालवा. उभी ठेवून नाही, चालवा, म्हणजे मागून हवा पण खेळते. धुकं दिव्याच्या समोरून सुरू होऊन कडेकडेला सरकत कमी होत गेलं पाहिजे. पूर्ण गेलं नाही तरी चालेल, कमी होतंय का ते बघायचं. निघताना आणि पोचल्यावर एकाच जागेवरून फोटो काढा, नाहीतर मनाचे खेळ होतात, आपल्याला हवं तेच दिसतं.

अजिबात फरक नाही पडला तर पुढे वाचा.

माझ्या आधीच्या गाडीत कधी वाफ दिसली नाही, ती जुनी हॅलोजनवाली होती. आता महागडं एलईडी व्हेरियंट घेतलं आणि रोज वाफ. असं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि लोकांना वाटतं की एलईडीवाले दिवे हलक्या क्वालिटीचे आहेत. तसं नाही. हॅलोजन बल्ब म्हणजे खरं तर 55 वॉटची शेगडी, त्यातून उजेड थोडा आणि उष्णता जास्त निघते, आणि ती उष्णता उजेडाबरोबर समोर काचेवर पडते. काच तापली की वाफ पळते. एलईडी समोर उष्णता जवळजवळ फेकतच नाही, त्याची सगळी गरमी मागे हीटसिंकवर (गरमी ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) जाते. म्हणजे दिव्याचा मागचा भाग कोमट आणि पुढची काच गार. बाष्प कुठे जमणार, सगळ्यात गार जागी, म्हणजे काचेवरच. त्यामुळे एलईडी दिव्यात वाफ धरते जास्त आणि जाते हळू, अर्धा तास नाही तर कधीकधी ऊन पडेपर्यंत थांबावं लागतं. उजेड चांगला मिळतो, वीज कमी खातो, पण शेगडी गेली ना.

एकाच बाजूच्या दिव्यात का येते? दोन्ही सारखेच तर आहेत.

सारखे नसतात. एका बाजूला बॅटरी किंवा एअर फिल्टरचा डबा चिकटून असतो त्यामुळे मागची हवा खेळत नाही, दुसऱ्या बाजूला इंजिनची गरमी जास्त लागते. पार्किंगमध्ये सकाळचं ऊन एकाच बाजूवर पडत असेल तर तेवढ्यानेही फरक पडतो. पण खरं सांगू का, रोज फक्त एकाच बाजूला आणि तेही जास्त प्रमाणात दिसत असेल तर मी आधी त्या दिव्याचं मागचं झाकण तपासतो. आणि गाडी सेकंडहँड असेल तर तो दिवा कधी बदललाय का हे बघतो, दोन्ही दिव्यांवर मागे कंपनीचे स्टिकर आणि तारखा असतात, जुळत नसतील तर समजून जा की त्या कोपऱ्याला कधीतरी ठोकलेली आहे.

वॉशिंगहून गाडी आणली की लगेच धुरकट होते. ते लोक काय करतात नेमकं?

दोन गोष्टी. एक, तुम्ही दिवे लावून गाडी चालवत आलात, दिवा तापलेला, आणि त्याने लगेच गार पाण्याचा फवारा मारला. वर सांगितलं तसं आतली हवा झटकन आकसते आणि आत ओढ बसते, नेमकी तेव्हाच जेव्हा सगळीकडे पाणी आहे. दोन, प्रेशर गन. ती गन जवळून बॉनेटच्या फटीत नाहीतर दिव्याच्या सांध्यावर मारली तर श्वासाच्या नळीतून पाणी सरळ आत जातं, ती नळी पावसासाठी बनवलेली असते, तोफेसाठी नाही. बॉनेट उघडून इंजिन धुवायची आपल्याकडे फार हौस. मी आता पोचल्यावर दहा मिनिटं गाडी गार होऊ देतो आणि त्या पोराला सांगतो, दिव्यांवर साधा पाइप मार भाऊ. ऐकतात.

पाणी शिरतंय हे नक्की झालं. कुठून शिरत असेल?

शक्यतेच्या क्रमाने सांगतो, माझ्या अनुभवात तरी हाच क्रम आहे.

पहिला नंबर मागच्या डस्ट कॅपचा. बल्ब बदलताना जे गोल झाकण किंवा रबरी बूट काढतात ते परत बसवताना अर्धवट बसतं, किंवा रबर दुमडलं जातं, किंवा बसवायलाच विसरतात. माझ्या गाडीत एकदा बल्ब बदलल्यावर ते झाकण बॅटरीच्या खालच्या ट्रेमध्ये पडलेलं सापडलं, दोन महिन्यांनी, आणि तोपर्यंत मी दिव्याच्या सीलला शिव्या घालत होतो. बॉनेट उघडून हात घालून झाकण फिरवून बघायला एक मिनिट लागतो, फुकटात. आधी हे करा, मग बाकीचं.

दुसरा, श्वासाच्या नळ्या. नळी निघून पडलेली असली तर पाण्याला मोकळं दार. आणि उलट ती चिखलाने बुजलेली असली, किंवा आत कुंभारमाशीने घर केलेलं असलं (हसू नका, उभ्या गाड्यांमध्ये खरंच करते), तर आत आलेलं बाष्प बाहेर पडत नाही आणि वाफ कायमची मुक्कामाला. कोकणातल्या कच्च्या रस्त्याचा लाल चिखल वाळला की सिमेंट होतो त्या नळीत.

तिसरा, काच आणि काळी बॉडी यांच्यामधला सीलंट. सात-आठ वर्षं उन्हात आणि बॉनेटच्या गरमीत काढल्यावर तो कडक होतो, आकसतो, कुठेतरी केसाएवढी फट पडते. ठोकर लागलेली असेल तर दुसऱ्या दिवशी पण.

चौथा, तडा. दगड लागून काचेवर, किंवा मागे बॉडीला, विशेषतः जिथे स्क्रूचे कान असतात तिथे. पार्किंगमध्ये कोणी हलकासा टेकवून गेला, बंपरवर ओरखडा पण नाही, पण दिव्याचा कान मागे तुटलेला असतो.

आणि पाचवं म्हणजे आपण स्वतः, त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे.

फट कुठे आहे हे शोधायचं कसं?

दिवा गाडीतून काढावा लागतो, आणि बऱ्याच गाड्यांना त्यासाठी पुढचा बंपर उतरवावा लागतो, त्यामुळे हे घरी करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. दिवा हातात आला की सगळ्या वायर, बल्ब काढून भोकं टेपने बंद करायची, श्वासाच्या नळ्या बंद करायच्या, एकच नळी मोकळी ठेवून तिथून तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने हळू हवा भरायची आणि सांध्यावर साबणाचं पाणी ब्रशने लावायचं. बुडबुडे आले तिथे फट. पंक्चरवाला टबमध्ये ट्यूब बुडवतो तेच तंत्र, फक्त इथे बुडवायचं नाही. कंप्रेसर लावू नका, सांधा उघडा पडेल.

घरच्या घरी वाळवायचं कसं?

वाफच असेल आणि गळती नसेल तर उन्हात गाडी तोंड करून उभी करा, मागचं झाकण काढा, दुपारी चार वाजता झाकण परत लावा. झालं. झाकण लावताना हवा कोरडी असली पाहिजे हे महत्त्वाचं, भर पावसात झाकण उघडून बसलात तर वाळण्याऐवजी भिजणार.

पाणी साचलं असेल तर आधी ते बाहेर काढायला हवं. दिवा काढता आला तर उलटा करून हलक्या हाताने हलवून ओतायचं, नाही काढता आला तर इंजेक्शनची सिरिंज आणि पातळ सलाइनची नळी घेऊन बल्बच्या भोकातून ओढायचं. मग हेअर ड्रायर, सगळ्यात कमी गरमीवर, वीतभर लांबून, मागच्या भोकातून. एका भोकातून हवा आत आणि दुसऱ्यातून बाहेर असं झालं तर लवकर वाळतं. माझी आवडती युक्ती वेगळीच आहे, फिश टँकचा छोटा एअर पंप मिळतो ना दोन-तीनशे रुपयांचा, त्याची नळी बल्बच्या भोकातून आत सोडायची आणि पंप घराच्या कोरड्या खोलीत ठेवून रात्रभर चालू ठेवायचा. हळू वाळतं पण काही वितळत नाही, जळत नाही. अर्थात गाडी खिडकीजवळ उभी असली तर, आमच्यासारखं तिसऱ्या मजल्यावर राहात असाल तर दिवा काढून घरीच न्यावा लागतो आणि बायकोचं बोलणं ऐकावं लागतं.

बल्ब काढला असेल तर हॅलोजनच्या काचेला उघड्या बोटाने हात लावू नका, बोटाचं तेल तापून तिथेच बल्ब फुटतो किंवा लवकर जातो. आणि झेनॉन असेल तर त्याला हातच लावू नका, तो चालू होताना वीस हजार व्होल्टच्या आसपासचा झटका तयार करतो. ते इलेक्ट्रिशियनकडेच न्या.

हीट गन वापरली तर पटकन होईल ना?

होईल, दिवा पण पटकन वितळेल. हीट गनची हवा पाचशे-सहाशे अंशांपर्यंत जाते. नको.

सिलिका जेलच्या पुड्या आत टाकून ठेवू का? व्हिडिओमध्ये दाखवतात.

तात्पुरतं वाळवायला हरकत नाही, कायमचं नको. दहा ग्रॅमची पुडी फार तर दोन-तीन ग्रॅम पाणी धरते. गळती असेल तर एका पावसात तिचा निकाल लागतो, आणि गळती नसेल तर तिची गरजच नाही. शिवाय ती पुडी हलून हॅलोजनला चिकटली की वितळते, किंवा आरशासमोर येऊन रस्त्यावर सावली पाडते. टाकायचीच असेल तर दोरा बांधून टाका आणि दोन दिवसांनी बाहेर ओढा. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी असतील ते हिरवे झाले, की ती भरली.

एक जण म्हणाला खाली ड्रिलने बारीक भोक पाड, पाणी आपोआप निघून जाईल.

हा सल्ला देणारा माणूस प्रत्येक पार्किंगमध्ये एक असतो. पाणी निघतं हे खरं आहे, पण ज्या भोकातून निघतं त्याच भोकातून पुढच्या खड्ड्यातलं पाणी, धूळ, किडे आत जातात. धूळ आणि ओल एकत्र आली की आरशावर राप बसतो जो कधीच निघत नाही. आणि वॉरंटी त्याच क्षणी संपली. अगदी जुनी गाडी, विकायचीच आहे, दिवा बदलायचाच नाही, अशी अवस्था असेल तर मी डोळेझाक करेन, नाहीतर नाही.

मग सगळीकडून सिलिकॉन मारून टाकलं तर?

इथे माझीच गोष्ट सांगतो. 2016 च्या पावसाळ्यात माझ्या डाव्या दिव्यात पाणी यायचं. मी हार्डवेअरच्या दुकानातून बाथरूमला लावतात ती सिलिकॉनची ट्यूब आणली, दिवा काढला आणि जिथे जिथे फट दिसली तिथे तिथे मनसोक्त भरली, श्वासाच्या दोन नळ्या सुद्धा, कारण तेव्हा मला वाटलं की हीच ती भोकं ज्यातून पाणी येतंय. काय आनंद झाला होता. पंधरा दिवस मस्त गेले आणि मग असं धुकं धरलं की कडक उन्हात पण जाईना, कारण आत राहिलेली ओल बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती मी. वर आरशावर पांढरी साय आल्यासारखं दिसायला लागलं. नंतर एका जुन्या वायरमनने वास घेऊन सांगितलं, "हे व्हिनेगरवालं सिलिकॉन आहे." ज्या सिलिकॉनला आंबट वास येतो ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि आरशावर असतो ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा, तो आणि बल्बचे कॉन्टॅक्ट दोन्ही त्याने खराब होतात. शेवटी दिवा नवीन घ्यावा लागला.

तेव्हा बाहेरून एखादी दिसणारी फट भरायचीच असेल तर वास नसलेलं न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या, जागा पूर्ण कोरडी आणि स्वच्छ करून लावा, आत थेंबभरही जाऊ देऊ नका, आणि नळ्यांना हात लावू नका. आतली ओल पूर्ण काढल्याशिवाय सील करणं म्हणजे ओला कापूस डब्यात भरून झाकण लावणं.

काच सोडवून नवीन सीलंट भरून मिळतं का?

मिळतं, हेडलाइट रिस्टोरेशन करणारे लोक करतात. बऱ्याच दिव्यांत काळा चिकट ब्युटाइल असतो, तो साधारण 80 ते 100 अंशांना ओव्हनमध्ये मऊ होतो, मग काच हळूहळू सोडवतात, जुना सगळा खरवडून नवीन ब्युटाइलची दोरी भरून परत दाबून क्लिपा लावतात. जुना खरवडायचा कंटाळा केला तर काम फुकट जातं, त्यामुळे समोर उभं राहून करून घ्या. काही दिव्यांमध्ये मात्र कायमचा कडक सीलंट असतो, तो गरमीने सुटत नाही, काच कापावी लागते. अशा दिव्याला हात घालणाऱ्यापासून लांबच राहा. आणि घरच्या ओव्हनमध्ये हा उद्योग नको, त्यात नंतर केक पण करायचा असतो.

मी बाहेरून एलईडी बल्ब टाकलेत, तेव्हापासून पाणी येतंय.

हाच तो पाचवा नंबर. त्या बल्बच्या मागे पंखा किंवा मोठा हीटसिंक असतो, तो मूळ झाकणात मावत नाही, मग बसवणारा माणूस झाकणाला कटरने भोक पाडतो किंवा झाकण लावतच नाही आणि वर "काही फरक पडत नाही साहेब" म्हणतो. फरक पडतो. शिवाय शेगडी गेली ती वेगळीच. पंख्याला बसतील अशी खोल रबरी झाकणं मिळतात, ती लावा, नाहीतर सरळ हॅलोजनवर परत या. हॅलोजनच्या आरशात एलईडी टाकला की उजेड तसाही इकडेतिकडे सांडतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

तसंच 100/90 वॉटचे बल्ब टाकून "वाफ जाईल" म्हणणारे पण भेटतात. दिवा 60/55 साठी (हाय बीम/लो बीमचे वॉट) बनवलेला असतो. होल्डर आणि वायर वितळतात, आरसा करपतो, आणि कायद्यात पण बसत नाही ते.

आत हात घालून आरसा पुसून घेऊ का?

अजिबात नाही! मायक्रोफायबरने पण नाही. तो मुलामा इतका नाजूक असतो की एका पुसण्यात ओरखडे येतात. डाग असेल तर असू दे.

थोडी वाफ आहे, रात्री घाटातून जायचंय. चालेल का?

पातळ धुकं असेल तर निघण्याआधी दहा मिनिटं दिवे लावून ठेवा. टपोरे थेंब असतील तर मी जाणार नाही. प्रत्येक थेंब हा छोटा भिंग असतो, उजेडाची जी वरची स्वच्छ कड असते ती तो मोडतो, त्यामुळे रस्त्यावर उजेड कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त. आंबोली नाहीतर वरंध्याला जुलैत आधीच बाहेर धुकं, त्यात दिव्यात धुकं, मग पांढरी पट्टी पण दिसत नाही.

शॉर्ट सर्किट होऊन आग वगैरे?

नुसत्या वाफेने नाही. साचलेलं पाणी कपलरपर्यंत (वायर जोडायचा सॉकेट) पोचलं तर पिनांना हिरवा गंज चढतो, दिवा लुकलुकायला लागतो, फ्यूज उडतो. फ्यूज परत परत उडत असेल तर मोठा फ्यूज टाकायची चूक मात्र करू नका, आग लागलीच तर ती त्याने लागेल. एलईडी दिव्यात आत सर्किट बोर्ड असतो, तो पाण्याने गेला तर बहुतेक वेळा अख्खा दिवाच बदलावा लागतो आणि त्याचं बिल बघून माणूस खाली बसतो.

वॉरंटीत बदलून देतात का? इन्शुरन्स?

वॉरंटीत असाल तर थेंब आणि साचलेलं पाणी दिसत असतानाच गाडी दाखवा. लोक काय करतात, शनिवारची अपॉइंटमेंट घेतात, तोपर्यंत ऊन पडतं, दिवा वाळतो आणि सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो काहीच दिसत नाही. तारीख-वेळ दिसेल असा व्हिडिओ काढून ठेवा आणि जॉब कार्डवर तक्रार लिहून घ्या, वॉरंटी संपायच्या आत लिहिलेली तक्रार नंतर उपयोगी पडते. हलकी वाफ मात्र "नॉर्मल आहे" म्हणून परत पाठवतील आणि ते बरोबरच आहे.

इन्शुरन्स झिजेला मिळत नाही, अपघातात फुटला तर मिळतो. झीरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) नसेल तर प्लास्टिकच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापतात. क्लेम टाकायच्या आधी नो क्लेम बोनसचा हिशोब करा, तो 20 पासून 50 टक्क्यांपर्यंत असतो आणि एका क्लेमने जातो. स्वस्त हॅलोजन दिव्यासाठी 50 टक्के बोनस घालवणं परवडत नाही, महागड्या एलईडीसाठी परवडू शकतं.

बदलायचाच आहे, ओरिजिनल घेऊ, लोकल घेऊ की जुना?

बजेट असेल तर ओरिजिनल. जुना ओरिजिनल हा दुसरा चांगला पर्याय, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरलात तर बरेच प्रकार मिळतात, पण मागचे कान आणि श्वासाच्या नळ्या जागेवर आहेत का बघून घ्या आणि उन्हाकडे धरून आतला आरसा तपासा. लोकल दिवा दिसायला चकचकीत, पण सांध्याचा सीलंट जेमतेम असतो, दोन पावसाळे काढले तर नशीब.

काच पिवळट, धुरकट झालीय, ही पण वाफच का?

ओल्या बोटाने बाहेरून चोळून बघा. क्षणभर स्वच्छ दिसली तर तो बाहेरचा प्रकार आहे, उन्हाने वरचं कोटिंग गेलंय. बफिंग करून घ्या, आणि वर नवीन यूव्ही कोटिंग मारायला लावा, नुसतं घासलं तर काही महिन्यांत परत तसंच. टूथपेस्ट दात घासायला ठेवा.

फॉग लॅम्प आणि मागच्या दिव्यांचं काय?

फॉग लॅम्प खाली असल्याने साचलेल्या पाण्यातून गाडी घातली की तापलेला दिवा थेट गार पाण्यात बुडतो, त्यामुळे पुढे पाणी दिसत असेल तर आधीच बंद करा. मागच्या दिव्यात पाणी आलं तर डिकीतलं कार्पेट उचलून बघा. तिथे दिव्यामागे फोमचं पॅकिंग असतं, ते दबून गेलं की पाणी दिव्यात कमी आणि स्टेपनीच्या खड्ड्यात जास्त जातं. मित्राच्या गाडीत कुबट वास येतो म्हणून एसीचं काम करून घेतलं, साडेतीन हजार गेले, आणि स्टेपनीखाली बादलीभर पाणी निघालं.

बाइकला पण हेच सगळं लागू का?

तत्त्व तेच. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाक्यांना दिवा कायम चालू असतो, त्यामुळे हॅलोजनवाल्या बाइकमध्ये वाफ टिकत नाही फारशी. एलईडीवाल्यांमध्ये टिकते. मीटरमध्ये धरली असेल तर ते वेगळं दुखणं आहे, गाडी धुताना मीटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा.